भरल्या अंगाचे कपडे: गिऱ्हाइकं नेहमी विचारतात ते प्रश्न

परभणीत माझं शिवणाचं दुकान आहे. मशीनवर बसून बावीस वर्षं झाली. माझं स्वतःचं माप छाती ४८, कंबर ४४, सीट ५२. त्यामुळं बायका आल्या की आधी माझ्याकडं बघतात आणि मग मोकळं बोलतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत, काही समोर विचारलेले, बरेचसे रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपवर आलेले. एकदा सांगितलेलं परत सांगितलं नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ताई, मी जाड आहे. कपडा घेताना सगळ्यात आधी काय बघू?

खांदा. कुर्ता असो, ब्लाउज असो की नवऱ्याचा शर्ट, सगळा कपडा खांद्यावर लटकतो. बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला पाहिजे. ती दंडावर उतरली की पाठ रुंद दिसते, मान आखूड दिसते आणि हात वर केला की अख्खा कुर्ता हाताबरोबर वर जातो. आपण छातीच्या हिशोबानं मोठा साइज उचलतो, पण त्या साइजबरोबर खांदाही मोठा येतो. अंग भरलं म्हणून हाडं रुंद होत नाहीत.

कंबर, पोट, बाहीची गोलाई हे मागाहून आत घेता येतं. खांदा मात्र बाही उसवून, मुंढा (बाही जोडायचा काखेभोवतीचा गोल) नव्यानं कापून बसवावा लागतो आणि त्याला नवा कुर्ता शिवण्याइतकी मेहनत जाते. म्हणून दुकानात दोन कुर्त्यांत अडलात तर खांद्याला बसतो तो घ्या आणि आत किती कापड सोडलंय ते उलटून बघा.

२. घरच्या घरी माप कसं घ्यायचं? शिंप्याकडं माप द्यायची लाज वाटते.

लाज वाटते हे मला पटतं. पडद्याबाहेर पाच माणसं बसलेली आणि आत मास्तर मोठ्यानं "सीट बावन्न!" म्हणून ओरडतो, तेव्हा कुणाला बरं वाटेल? माझ्याकडं मी माप तोंडानं बोलत नाही, लिहिते. तुमच्या शिंप्यालाही तसं सांगा, त्यात काही वावगं नाही.

घरी घ्यायचं तर बहिणीला किंवा मुलीला सोबत घ्या, एकटीनं पाठीमागं टेप सरळ राहत नाही. ज्या ब्रावर तो कपडा घालणार तीच घाला (प्रश्न ९ बघा). छाती सगळ्यात उंच भागावरून, मग छातीच्या खालून, मग कंबर. शरीर बाजूला वाकवलं की जिथं घडी पडते ती कंबर, सलवारीचा नाडा बांधता ती जागा नव्हे. त्यानंतर पोटाचा सगळ्यात पुढं आलेला भाग, सीट, दंड आणि मुंढा. श्वास आत ओढून पोट आवळू नका. ओढलेल्या पोटाचं माप दिलं की कपडाही ओढलेल्या पोटालाच बसतो.

आणि एक माप कुणीच घेत नाही. खाली मांडी घालून बसा आणि पोट-सीट परत मोजा. भरल्या अंगाला दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो. आपल्याकडं भजनाला, हळदी-कुंकवाला, पंगतीला खालीच बसायचं असतं. उभ्यानं छान बसलेला ड्रेस तिथं दुसऱ्या मिनिटाला दगा देतो.

३. ढगळ घातलं की जाडी झाकली जाते ना?

नाही. उलट वाढते. ढगळ कपडा शरीराच्या सगळ्यात पुढं आलेल्या जागेवरून, म्हणजे छातीवरून किंवा पोटावरून, सरळ खाली सुटतो आणि बघणाऱ्याला खालचं सगळं तेवढंच रुंद वाटतं. कनातीच्या आत माणूस किती जागेत उभा आहे हे कुणाला कळतं? फार घट्टही नको, कारण मग घडी न घडी मोजता येते. मी कुर्त्याला छातीत अंगापेक्षा तीन ते चार इंच जास्त देते, सीटला चारच्या आसपास, ब्लाउजला इंच-दीड इंच. छातीच्या खाली टक्स (कापड आतून चिमटीत धरून घातलेली शिवण) मारून कुर्ता थोडा आत घेतला की, पोट कितीही असो, अंगाला आकार दिसतो. पोटावर आवळायचं नाही, छातीखालीच घ्यायचं.

४. जाड माणसानं काळंच घालावं, आडव्या पट्ट्या घालू नयेत, हे खरं का?

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. तर त्याच जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं १८६७ साली लिहून ठेवलं की सारखेच दोन चौकोन घेऊन एकात आडव्या आणि दुसऱ्यात उभ्या रेघा काढल्या, तर आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद भासतो. आपण समजतो त्याच्या बरोबर उलट. २०११ साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी बायकांच्या कपड्यांवर हे तपासलं, तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी जाडी वाढल्याचं दिसलं नाही. तरी शेजारीण सांगणारच.

काळ्या रंगाचं म्हणाल तर तो सावली गिळतो, त्यामुळं घड्या कमी दिसतात, एवढं खरं. पण मे महिन्यात इथं पारा ४२-४३ ला टेकतो, आणि बसस्टँडवर काळा पॉलिस्टरचा कुर्ता घालून उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. रंगापेक्षा चमक बघा. सॅटिन, चमकणारा क्रेप, लायक्राची झगमगीत लेगिंग या कापडांवर उजेड उठतो आणि प्रत्येक वळी दिसते. मंद पोताचं गुलाबी कापड चमकणाऱ्या काळ्यापेक्षा कितीतरी बरं. वरखाली एकाच रंगाच्या कुटुंबातलं घातलं की नजर मध्ये अडत नाही आणि उंची वाढल्यासारखी वाटते. मोरपंखी कुर्त्याखाली पांढरीशुभ्र लेगिंग घातली की नजर थांबते ती नेमकी सीटवर.

५. लई उकडायलंय. उन्हाळ्यात कोणतं कापड घालू?

सुती. मलमल, केंब्रिक, खादी. नाहीतर लिनन. खादीसाठी लांब जायची गरज नाही. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तर राष्ट्रध्वजाची खादी तयार होते. नेसायची-शिवायची खादीही आपल्या भागातल्या खादी भांडारांत मिळते. मात्र जाडी बघून घ्या, जाडसर खादी अंगावर फुगते.

रेयॉन थंड लागतं, अंगावर छान पडतं, पण घामानं ओलं झालं की पोटाला चिकटतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. घ्यायचंच तर छापील घ्या, आणि आटणारं कुठलंही कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवूनच शिवायला द्या. भरल्या अंगाच्या कपड्यात एक इंच आटणं म्हणजे तो कपडा धाकट्या बहिणीला गेला म्हणून समजा.

घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात ते फिकट राखाडी आणि आकाशी रंगावर. पांढरा, गडद निळा आणि बारीक नक्षी हे रंग लाज राखतात. वरचं कापड सुती घेऊन आत क्रेपचं अस्तर लावायची पद्धत आहे, ती माझ्या डोक्यात जाते. अंगाला लागतं ते अस्तर! तेच सुती पाहिजे.

६. चालताना मांड्या घासतात, आग होते. साडी-ड्रेस सोडून द्यायचा का?

सोडायचं कशाला? आत गुडघ्याच्या थोडं वर येणारी, सुतात थोडं लायक्रा असलेली हाफ पँट घाला. तिची आतली शिवण मांडीच्या मधोमध नको, नाहीतर तीच घासते. आखूड घेतली तर वर गोळा होते आणि त्रास दुप्पट. बाहेर पडण्याआधी पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला तरी फरक पडतो.

लाल चट्टा गोल पसरतोय, खाज सुटतेय, असं असेल तर ते घासणं नाही, बहुधा गजकर्ण आहे. मेडिकलमधून कुणी सांगितली म्हणून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नका. आठ दिवस बरं वाटतं आणि मग ते चिवट होऊन बसतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

७. परकराचा नाडा रुततो, कमरेला काळा वळ पडलाय. काय करू?

हा वळ अंगवळणी पडू देऊ नका. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. एकीचा परकराचा नाडा, दुसरीचं परकराशिवाय कमरेला आवळलेलं लुगडं. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून जखम झाली, ती भरली नाही आणि तिथं त्वचेचा कॅन्सर झाला. असं फार क्वचित होतं, घाबरायला सांगत नाही. पण कमरेवरची जखम महिनाभर भरत नसेल तर हळद लावत बसायचं नाही, डॉक्टरांकडं जायचं.

मी नाडा काढूनच टाकते. तीन इंच रुंद सुती पट्टा, मागच्या अर्ध्या भागात रुंद इलॅस्टिक, बाजूला पँटसारखे दोन हूक, एकमेकांपासून इंचभर अंतरावर. सकाळी आतला हूक, जेवल्यावर बाहेरचा. नाडाच हवा असेल तर तो कापडी आणि रुंद घ्या, गोल दोरी नको, आणि एक दिवस बेंबीच्या वर, एक दिवस खाली बांधा.

सध्या साडीखाली अंगाला घट्ट बसणारे शेपवेअर परकर आलेत. लग्नात चार तास घालायला छान, निऱ्या सुरेख बसतात. पण मे महिन्यात जिंतूरवरून एसटीनं लग्नाला येऊन दिवसभर घालायचे ते नव्हेत. घेताना कंबर नाही, सीट बघून साइज घ्या आणि बाजूला चालण्यापुरता चीर आहे ना ते बघा. एसटीची पायरी उंच असते.

८. ब्लाउज कायम काखेत आवळतो, दंडावर वळ उठतात. शिंपी म्हणतो "तुमचं अंगच तसं आहे".

अंग तसंच असतं, ब्लाउज तसा शिवायचा असतो. मागच्या लग्नसराईत सेलूची एक शिक्षिका माझ्याकडं आली. दुसरीकडं शिवलेला ब्लाउज अंगावरच होता. हात वर करा म्हणाले तर कोपर खांद्याच्या वर जाईना, फळ्यावर लिहायचं कसं? ब्लाउज काढला तर दंडावर बाहीच्या दोऱ्याची टिपन् टीप उमटलेली, काखेत लाल पट्टा. बाई म्हणाली, "मी त्याला मुंढा मोठा कर म्हणलं होतं." त्यानं तेच केलं होतं आणि तिथंच चुकलं होतं.

मुंढा खाली ओढला की ब्लाउज सैल होत नाही. उलट बाही खालच्या बाजूला बांधली जाते आणि हात उचलला की सगळा ब्लाउज वर येतो. मुंढा काखेजवळच, उंच ठेवायचा आणि रुंदी बाहीला द्यायची. दंड १८ इंच असेल तर बाही १९ ते साडेएकोणीस. काखेत छोटीशी चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, लावली तर हात कुठंही जातो. जुन्या चोळ्यांना अशी कळी असायचीच, आपल्या आज्यांना कुठलं फॅशन डिझाइन शिकवावं लागलं नव्हतं. त्या बाईंचा ब्लाउज मी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्याची कळी लावून दुरुस्त केला. घालून त्यांनी आधी आरसा बघितला नाही, हवेत हात उंच करून "अ आ इ ई" गिरवलं.

बाकीचं पटापट सांगते. छाती मोठी असेल तर चार टक्सपेक्षा प्रिन्सेस कट किंवा कटोरी, तीही एकसंध उथळ नाही, नीट खोलगट. बाही दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपवू नका, कोपराच्या दोन-तीन इंच वर संपवा. पुढचे हूक फाकत असतील तर हूक जवळजवळ लावायला सांगा, किंवा पुढून बंद करून बाजूला चेन घ्या. मागचा गळा खोल पाहिजे असेल तर रुंदी कमी करा. खोलही आणि रुंदही केला की खांदा घसरतोच, मग डोरी कितीही आवळा. आणि बिनबाह्यांचा घालायची हौस असेल तर घाला. दंड जाड आहे हे बाही असतानाही लोकांना माहीतच असतं.

९. ब्राबद्दल विचारायचं होतं, पण कुणाला विचारू?

मला विचारा. पट्टे खांद्यात रुततात याचा अर्थ बहुतेक वेळा खालचा पट्टा सैल आहे. भार खालच्या पट्ट्यानं उचलायचा असतो, खांद्यानं नाही. आरशात पाठ बघा. मागचा पट्टा वर चढत असेल तर पट्टा एक नंबर कमी करा आणि कप एक नंबर मोठा, म्हणजे ४२सी च्या जागी ४०डी. नवी घेताना सगळ्यात बाहेरच्या हूकवर बसते ती घ्या, वापरून सैल झाली की आतले हूक आहेतच. बाकी कुठल्याही कपड्यापेक्षा या एका बदलानं अंगाचा आकार जास्त बदलतो, आणि नेमकं यावरच आपण सगळ्यात कमी पैसे घालतो.

१०. साडी कोणती नेसू? सुती साडीत मी ढोलासारखी दिसते.

तो दोष सुताचा नाही, खळीचा. कडक खळीची कॉटन निऱ्यांपाशी हातभर पुढं उभी राहते. दोनदा धुऊन खळ उतरली की तीच साडी अंगाशी येते. मलमल, मऊ लिनन, महेश्वरीसारखी पातळ सूत-रेशीम ही भरल्या अंगाला चांगली. जॉर्जेट पडते छान, पण उन्हाळ्यात उबते.

आता खरी अडचण. साडी साडेपाच मीटर, आणि सीट ५० च्या पुढं गेली की निऱ्या तीन-चारच येतात किंवा पदर आखूड पडतो. ब्लाउजपीससकटची साडी सव्वासहा मीटरच्या आसपास असते. तो ८० सेंटिमीटरचा तुकडा कापूच नका! तसाच साडीत राहू द्या, आतल्या टोकाला येतो, कुणाला दिसत नाही. ब्लाउज दुसऱ्या रंगाचा घ्या. माझ्या सगळ्या साड्या अशाच आहेत. पिको-फॉलला देताना मात्र स्पष्ट सांगा, नाहीतर ते सवयीनं कापून टाकतात.

पदराच्या प्लेट्स चार-पाच इंचांच्या ठेवून खांद्यावर लावल्या की पुढचं पोट झाकतं. एकच पदर मोकळा सोडला तर हात व्यापलेला राहतो, पण दंड झाकतो. दोन्ही करून बघा.

११. पैठणी आणि हिमरू मला शोभत नाही असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणजे कोण? पैठण आपलं, पैठणी आपली, आणि ती काही बारीक बायकांसाठी विणली जात नाही. अडचण एवढीच की पदराची जर ताठ असते. पदर खांद्यावर जास्त घड्या घालून दाबू नका, रुंद चार प्लेट्स पुरेत, मोर-मुनिया दिसायला नकोत का? आदल्या रात्री प्लेट्स लावून, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. ब्लाउज साधा, काठ फक्त बाहीला. पाठीवर मोठा बुट्टा आणि बाहीला फुगा दोन्ही नको.

औरंगाबादी हिमरूचं कापड भरगच्च असतं. त्याचा अख्खा ड्रेस जड होतो. शाल घ्या, किंवा साध्या कुर्त्यावर बिनबाह्यांचं लांब जॅकेट शिवा, पुढून उघडं. दोन उभे काठ खाली येतात, त्यानं मधलं अंग अर्धंच दिसतं.

१२. शिवलेली नऊवारी बसता-उठताना फाटली. साइज मोठी घ्यायची होती का?

साइज नाही, आसन. दोन पायांच्या मधल्या भागाची खोली कमी पडली असणार. कमरेपासून पुढून मागं, पायांमधून टेप फिरवून ते माप स्वतः शिंप्याला द्या, आणि ते बसून घ्या (प्रश्न २). तयार नऊवारीत कंबर इलॅस्टिकनं सुटते, आसन सुटत नाही. हेच जीन्सलाही लागू.

१३. ऑनलाइन कधी ३एक्सएल बसतं, कधी ५एक्सएल पण नाही. साइज नक्की काय समजायचा?

अक्षरं विसरा, इंच बघा. आपल्याकडं बऱ्याच कुर्त्यांत एक्सएल म्हणजे ४२, डबल एक्सएल ४४ असा हिशोब चालतो, पण तक्त्यात दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, ते आधी वाचा. कपड्याचं असेल तर तुमच्या छातीपेक्षा तीन-चार इंच जास्त पाहिजे. अंगाचं असेल तर जुळणारं घ्या. घरातला सगळ्यात चांगला बसणारा कुर्ता पलंगावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा, कपड्याच्या मापाशी जुळवायचा तोच तुमचा आकडा.

बाजूचा कट कुठून सुरू होतो ते फोटोत बघा. सीटच्या वरून सुरू होत असेल तर बसल्यावर फाकतो. लांबी सीटच्या मध्यावर संपणारी नको, एकतर वर किंवा गुडघ्यापर्यंत खाली.

१४. दुकानदार म्हणतो अडीच मीटर बास, आणि शिंपी म्हणतो कमी पडलं. किती घेऊ?

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. सीट ५० च्या आसपास असेल तर ४४ इंच पन्ह्यात कुर्त्याचा पुढचा आणि मागचा भाग शेजारीशेजारी बसत नाही, एकाखाली एक कापावा लागतो. ४४ लांबीच्या कुर्त्याला तिथंच सव्वादोन मीटरच्या वर गेलं, पाऊण बाहीला अर्धा मीटर, म्हणजे तीन मीटर. पन्हा ३६ असेल तर साडेतीन. ब्लाउजला एक मीटर, कोपरापर्यंत बाही असेल तर सव्वा मीटर. कापड आधीच घेऊन ठेवलं असेल आणि कमी पडत असेल तर बाजूला वेगळ्या गडद रंगाची उभी पट्टी टाकून घ्या. गरजेपोटी टाकलेली ती पट्टी कंबर बारीक दाखवते, नंतर लोक विचारतात डिझाइन कुठलं म्हणून.

१५. मिस्टरांच्या शर्टची बटणं पोटावर फाकतात. हे बायकांच्या शिंप्याला विचारावं का?

विचारा की. शर्ट छातीच्या मापानं घेतलाय, पोट मोजलंच नाही. मोठा घेऊन खांदा आणि बाही कमी करण्यापेक्षा शिवूनच घेतलेला बरा, त्यात पुढच्या भागाला मागच्यापेक्षा दोन इंच जास्त द्यायला सांगा. पोटाखाली पट्टा आवळला की पोट पट्ट्यावर लोंबतं. पँट बेंबीच्या पातळीवर, मागं पुरेशा उंच आसनाची शिवा. लग्नाला कळीदार कुर्ता घाला म्हणावं, त्यावर गुडघ्याच्या वर थांबणारं नेहरू जॅकेट नको, कंबरेच्या थोडं खाली संपणारं ठीक.

१६. मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेच्या युनिफॉर्मचा कुठलाच साइज येत नाही. ती रडते.

दोन गोष्टी. एक, तयार युनिफॉर्म मोठ्यात मोठा घेऊन फक्त खांदा बसतो का बघा. बाजूला त्याच कापडाची उभी पट्टी घालून रुंदी वाढवता येते. त्यासाठी दुकानातून त्याच गठ्ठ्यातलं अर्धा मीटर कापड मागून घ्या, नंतर रंग जुळत नाही. स्कर्टला मागून इलॅस्टिक. दोन, माप घेताना तिच्यासमोर आकड्यावर बोलू नका, "पुढच्या वर्षी बारीक होशील" तर अजिबातच नाही. माझ्या आईनं एकदा दुकानात म्हटलं होतं, ते वाक्य मला अजून पाठ आहे.

१७. ऑपरेशननंतर माझा एक हात दुसऱ्यापेक्षा जाड झालाय. दोन्ही बाह्या सारख्या कशा शिवायच्या?

सारख्या शिवायच्याच नाहीत. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर काही बायकांच्या हाताला सूज राहते. दोन्ही दंड वेगवेगळे मोजा, संध्याकाळी मोजा, कारण तेव्हा सूज जास्त असते. मोठ्या हाताची बाही सैल, किनारीला इलॅस्टिक किंवा घट्ट पट्टी नको. दोन्ही बाह्यांची खालची किनार सारखी दिसेल असं कापता येतं, फरक वरच्या बाजूला जिरवायचा. डॉक्टरांनी दाबाची बाही दिली असेल तर ती घालूनच माप द्या. ब्लाउज पुढून उघडणारा ठेवा.

१८. बावन्न वर्षांची आहे, अंगानं अशी, आणि मला जीन्स घालाविशी वाटते. लोक काय म्हणतील?

म्हणतील. काय घालायलीस म्हणून दोन दिवस म्हणतील, तिसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी सापडतं. उंच आसनाची, कमी ताणणारी, गडद निळी घ्या आणि वर मांडीपर्यंतचा कुर्ता. पहिल्यांदा घालून गावातल्या बाजारात जाऊ नका, संभाजीनगरला लेकीकडं जाताना घाला. रेल्वेत तीन-चार तास बसल्यावर कळेल कुठं रुततं ते.

१९. वजन कमी करतेय. मग आता शिवू की थांबू?

शिवा. मात्र शिवणीत दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कापड आत सोडायला सांगा. म्हणजे वाढलं तरी सुटतं आणि कमी झालं तर आत घेता येतं. बाजूच्या शिवणी सरळ ठेवायच्या आणि बाही बाजूची शिवण मारायच्या आधी लावायची, मग कमी-जास्त करताना काखेपासून खालपर्यंत एकाच टिपेत काम होतं. थायरॉइडमुळं वजन वरखाली होत असेल त्यांनाही हेच.

मागच्या दिवाळीत पाथरीची एक बाई पैठणी घेऊन आली. लेकाच्या मुंजीत माहेरून मिळालेली. बारीक झाले की ब्लाउज शिवीन म्हणून अकरा वर्षं पेटीत ठेवलेली. उघडली तर पदरावर, जिथं घडी होती नेमकं तिथं, जरीच्या तारा तुटून मोराच्या मानेतून आडवी रेघ गेलेली. मोर दोन तुकड्यांत. तिचं माप घेतलं: छाती ४६. अकरा वर्षांपूर्वीचं माप तिला आठवत होतं, ४४. दोन इंचांसाठी!

रेघ पदराच्या मागच्या बाजूला जाईल अशा प्लेट्स बसवून दिल्या, आणि मुलाच्या साखरपुड्यात नेसली. तुमच्याकडं अशी पेटीत असेल तर आज काढा. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून मऊ सुती कापडात गुंडाळा, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी उलटी घाला. ब्लाउजपीस मला दाखवायला आणा, सोबत तुमचा सध्याचा चांगला बसणारा एक ब्लाउज.